नोकरी पाहायला गेलो त्याची हकीकत

प्रवासाबद्दल लिहायचं तर माणसानं निदान हिमालय तरी पाहिलेला असावा, असा आमच्या वाचनालयातल्या मंडळींचा समज आहे. मी पाहिलेला नाही. गेल्या हिवाळ्यात मी अमरावतीहून अकोल्याला गेलो, दोन रात्री राहिलो, परत आलो आणि लगेच मोर्शीला जाऊन आलो. प्रवास एवढाच. तरी लिहून काढतो आहे, कारण परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं म्हणून आमच्याकडची पुष्कळ मुलंमुली हल्ली धडपडतात, आणि त्यातली चांगली नोकरी कशी ओळखावी हे त्यांना सांगणारं कोणी नसतं. मला ते अकोल्याच्या जुन्या शहरात कळलं. लिहायला दुसरंही एक कारण आहे. ते ओघात येईलच.

अमरावती

पुंडलिकराव वानखड्यांचा फोन आला तेव्हा मी अंगणात उन्हाला बसलो होतो. पुंडलिकराव मोर्शीचे, संत्र्याचे बागाईतदार. निवृत्तीनंतरही मोर्शीच्या कॉलेजात मी तासिकेवर इंग्रजी शिकवत होतो तेव्हा त्यांची मुलगी वैशाली माझ्याकडे बी.ए.ला होती. पुढे ती अमरावतीला एम.ए. झाली.

"सर, एक काम होतं जी."

"बोला ना."

"वैशूले पुन्हा व्हिएतनामची नोकरी आली. तिथली शाळावाली बाई फोन करनार हाये. हिले कॉलेजात ज्यानं शिकवलं त्याच्याशी बोलाचं म्हनते. वैशू काही तुमचं नाव द्याले तयार नव्हती. पन तिचे एम.ए.चे ते दुसरे सर वारले ना आता. तं म्याच म्हटलं, दे." मग जरा थांबून ते म्हणाले, "तिचं इंग्रजी कच्चं हाये हे मले मालूम हाये सर. पन एवढ्या वर्षांत सुधारलं असन. तुमी जरासं सांभाळून घ्या."

मी "हो" म्हणून फोन ठेवला. वैशालीचं इंग्रजी कच्चं आहे, हे पुंडलिकरावांनी माझ्याच तोंडून ऐकलं होतं. ते खोटं होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. परदेशात शिक्षक पाठवणाऱ्या एका माणसानं अकोल्यात ऑफिस थाटलं होतं. त्याच्याकडून वैशालीला व्हिएतनामची नोकरी चालून आली. पुंडलिकराव माझ्याकडे आले. म्हणाले, सर, आपण पोरगी द्यायची तर आधी घर पाहून येतो. ही पोरगी तर परमुलखात चालली. आम्हाला त्यातलं कळत नाही, तुम्ही पाहून या आणि सांगा.

मी गेलो. त्या माणसानं मला न्यायला गाडी पाठवली. ऑफिसात गार हवा, भिंतीवर नकाशा. पोहे आले, जिलेबी आली, चहा आला. मग त्यानं चार माणसं बोलावून माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि "असे गुरुजन हल्ली दुर्मिळ" असं छोटंसं भाषण केलं. मी वैशालीच्या बाजूनं गेलेला वडीलधारा माणूस. विचारायचे प्रश्न मी खिशात लिहून नेले होते: व्हिसा कसला, शाळा कोणती, करार कुठं आहे. पण ज्याच्या हातचं खाल्लं, ज्याची शाल खांद्यावर आहे, त्याला लगेच कागद दाखवा म्हणायचं, हे आमच्याकडे वाईट दिसतं. चांगल्या घरच्या पाहुण्यानं तसं करायचं नसतं. मी काहीही न विचारता उठलो आणि मोर्शीला येऊन पुंडलिकरावांना सांगितलं, "नोकरी चांगली आहे. माणसं खानदानी आहेत."

वैशाली गेली. तिकडे पोचल्यावर तिला कळलं की आपण पर्यटकाच्या व्हिसावर आहोत आणि काम करणं बेकायदा आहे. शाळा म्हणून काही नव्हतीच. तीन-चार शिकवणी वर्ग होते, त्यांच्यात तिला फिरवत. पासपोर्ट "जपून ठेवतो" म्हणून घेतला तो परत देईनात. काही महिन्यांनी तिनं भांडून तो सोडवला आणि ती परत आली.

त्याच वर्षी मोर्शीत एका लग्नात मी पंगतीला बसलो होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "सर, वानखड्याची पोट्टी काहून परत आली? नोकरी तं तुमीच पाह्यली होती ना?" माझ्या हातात वरणभाताचा घास होता. मी म्हटलं, "नोकरीत काही वाईट नव्हतं. तिचं इंग्रजीच कच्चं. मी म्हटलंच होतं तिला आधी."

समोरच्या ओळीत पुंडलिकराव बसले होते. त्यांनी ऐकलं. मान खाली घालून ते जेवत राहिले.

मी मास्तर माणूस, माझा शब्द गावात चालतो. तो चालला. अमरावतीच्या ज्या दोन शिकवणी वर्गांत वैशाली काम मागायला गेली, तिथं "तुमचे सरच असं म्हणतात" हे तिला ऐकावं लागलं, असं मला नंतर समजलं. समजल्यावरही मी गप्प बसलो. पुढे ती अकोल्याला गेली आणि तिथं मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेऊ लागली. पुंडलिकरावांच्या फोननंतर मी तिथं जायचं ठरवलं.

"तुम्हाला बोलायचंय फोनवर, मग अकोल्याला कशाला जायचं?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"मागच्या वेळी न बघता बोललो होतो."

"मागच्या वेळी गाडी आली होती न्यायला," त्या म्हणाल्या. "आता एसटीनं जा. नीट दिसेल." आणि त्यांनी डब्यात सांभारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, भरून दिली.

रस्ता

राजकमल चौकातून ऑटोनं स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता म्हणून गिला वडा खाल्ला. अमरावतीबाहेरच्यांना सांगायला हवं: हा वडा रश्शात भिजवून देतात, आणि पहिल्या घासाला नाकातून पाणी येतं. माझ्या वयाला तो वर्ज्य आहे. म्हणूनच घरी न सांगता खाल्ला.

कंडक्टर पोरसवदा होता. "आजोबा, आधार दाखवा." त्यानं कार्ड पाहिलं, माझं तोंड पाहिलं. "पंचाहत्तर पुरे झाले? मंग तिकीट माफ, सरकारचे जावई झाले तुमी. बसा खिडकीत."

मागच्या वेळी याच रस्त्यानं गाडीच्या काळ्या काचांतून गेलो होतो, काही पाहिलं नव्हतं. बडनेरा सोडलं की दोन्ही बाजूंना तुरी उभ्या असतात. शेंगा भरून काळपट पडल्या होत्या. मधे मधे हरभरा, आणि कपाशीच्या शेतांत ओटीला फडकी बांधून वेचणाऱ्या बाया. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जाताना काठाच्या बाभळींना घासून जातात, त्यामुळे काट्यांना कापूस लागून राहतो. मैलोगणती बाभळी अशा पांढऱ्या झालेल्या. हे मी लहानपणापासून पाहतो आहे, पण कुणाला सांगावं असं आजवर वाटलं नव्हतं.

मूर्तिजापूरला चहा झाला. शेजारी एक बाई कडेवर नातू घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अकोल्याले कोन हाये जी?"

"विद्यार्थिनी आहे."

"लग्नाचं पाहून रायले का तिचं?"

"नाही. नोकरीचं."

"एकच हाये ते," बाई म्हणाल्या. "आमच्या पोरीच्या वख्ती आमी पोराच्या घरी गेलोच नाही आधी. त्या घरच्या मोठ्या सुनेच्या माहेरी गेलो. ते लोक सांगतात खरं काय ते. पोराच्या घरी काय, लाडूच भेटते."

मी सांभारवडीचा डबा त्यांच्यापुढे केला. हा रिवाज मलाही माहीत होता. माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी मी तसंच केलं होतं. दुसऱ्याच्या मुलीच्या वेळी मी लाडू खाऊन आलो.

जुने शहर, अकोला

अकोला आणि अमरावती जवळजवळ असली तरी हवा निराळी. अमरावतीत माणूस भेटला की पोरगा कोणत्या क्लासला आहे ते विचारतो. अकोल्यात बाजारात काय भाव चालला ते विचारतो. ऐन थंडीतही दुपारचं ऊन इथं डोक्यात शिरतं. स्टँडजवळ लॉज घेतला, तोंड धुतलं आणि चालतच निघालो. मोर्णा नदी ओलांडली की जुनं शहर. पुलाखाली पाणी दिसत नव्हतं, जलकुंभीची हिरवी गादीच पसरली होती.

पूल संपतो तिथं माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात, एक पायात, असा मी गल्ल्यांमधून वैशालीचा वर्ग शोधत फिरलो. पोरं हसत होती. तो वर्ग एका गादीवाल्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर आहे. खाली दुकानात कापूस पिंजायचं यंत्र धडधडत होतं आणि दाढीला कापूस लागलेले एक चाचा गादीला टाके घालत होते.

"ऊपर मॅडम का क्लास है?" मी विचारलं.

"है ना. मगर पहले चप्पल तो पहनो, जीना लोहे का है, तप गया होगा." त्यांनी स्वतःच्या चपला काढून माझ्याकडे सरकवल्या. माझी हातातली घेतली आणि गादी शिवायच्या दाभणानंच तिला टाका घालायला बसले.

मला एसटीतल्या बाईंचं बोलणं आठवलं. मी विचारलं, "मॅडम कशा आहेत शिकवायला?"

चाचांनी हात थांबवला. "रिश्ता लाए क्या?"

"नाही, नाही. मी त्यांचा जुना मास्तर."

"अच्छा. तो सुनो. मॅडम अच्छी है, एकच खराबी है. बच्चों को मारती नहीं. इसलिए आवाज बहोत होता है ऊपर. मेरी पोती जाती है. पहले घर में मुँह नहीं खोलती थी. अब मेरे को अंग्रेजी में डाँटती है."

वर गेलो. दारात उभा राहिलो तर वैशालीनं आधी पायांकडे पाहिलं. "सर, चपला चाचांच्या?" एवढंच म्हणाली. नमस्कार केला नाही. "तास चालू आहे. बसायचं तर मागे बसा."

मी शेवटच्या बाकावर बसलो.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. फळ्यावर वाक्य लिहायचं, त्याचे तुकडे करायचे, तुकड्यांना नावं द्यायची. वर्गात कोणी वऱ्हाडी बोललं तर त्याला उभं करायचं. उभं राहिलेलं पोर त्या तासाला पुन्हा तोंड उघडत नसे, आणि मला वाटायचं वर्गात शिस्त आहे. वैशालीनं बाक एकमेकांसमोर लावून बाजार मांडला होता. एका पोराकडे भाजी, एका पोरीकडे चपला, एकाकडे मोबाइलचं दुकान. भांडण आधी आपल्या भाषेत करायचं, वऱ्हाडीत किंवा उर्दूत, पोट भरून. मग तेच भांडण इंग्रजीत. अडलं की ती शब्द पुरवायची आणि लगेच बाजूला व्हायची. गलका खालच्या यंत्रापेक्षा मोठा होता. पण वर्गातलं एकही पोर गप्प नव्हतं.

शेवटी तिनं मुलांना सांगितलं की मागच्या पाहुण्यांना प्रश्न विचारा. चाचांची नात पुढे आली. इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही मॅडमचे वडील का?"

"नाही. मी मॅडमचा शिक्षक."

"मग तुम्ही शेवटच्या बाकावर का बसलात?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. वैशाली हसली नाही.

मुलं गेल्यावर तिनं खालून कचोरी आणि चहा मागवला. खिडकीतून पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या दिसत होत्या. मी म्हटलं, "वैशाली, मी पंगतीत जे बोललो..."

"कळलंय मला काय बोललात ते. बाबांनी घरी येऊन सांगितलं. तुमचे शब्द जसेच्या तसे."

"ते खोटं होतं. नोकरी मी पाहिलीच नव्हती. ते कबूल करायला नको म्हणून..."

"सर," ती म्हणाली, आणि तिची शुद्ध भाषा सुटून वऱ्हाडी बाहेर आली, "हे मले काहून सांगून रायले तुमी? मले मालूम नाही का मायं इंग्रजी कसं हाये ते? ज्याले तुमी खोटं सांगतलं त्याले जाऊन सांगा ना."

मी कचोरी बाजूला सरकवली. चहा गार झाला.

थोड्या वेळानं ती शांत झाली. "उद्या फोन येईल. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे आहे, सकाळीच येईल. तुम्ही इथंच या. माझी स्तुती करू नका. आज जे पाहिलं तेवढं सांगा."

"आणि पहिल्या नोकरीचं विचारलं तर?"

"तर जे झालं ते सांगा. मी त्यांना सांगितलंय. तुमचं माझं जुळलं नाही तर नोकरी जाईल, एवढं लक्षात ठेवा."

दुसरा दिवस

सकाळी चाचांनी माझी चप्पल हातात दिली. गादीच्या जाड दोऱ्याचा टाका, आता ती माझ्यानंतरही टिकेल. पैसे म्हटलं तर त्यांनी हात झटकला.

फोनला अवकाश होता. मी वैशालीला विचारलं की या वेळची नोकरी चांगली आहे हे तुला कसं कळलं. तिनं सांगितलं ते जाणाऱ्या मुलांनी नीट वाचावं.

मधला माणूस नाही. ती थेट शाळेशी बोलली, आणि शाळेनं तिला व्हिडिओवरून एक तास शिकवायला लावलं. जी शाळा शिकवणं न पाहता नोकरी देते, तिला शिक्षक नको असतो, नुसतं माणूस हवं असतं, असं ती म्हणाली. काम करायचा परवाना शाळा काढणार, आणि त्याची मंजुरी व्हिसाच्या आधी. त्यासाठी पदवीची कागदपत्रं सरकारी शिक्क्यांनिशी खरी करून घ्यावी लागतात, पोलिसांचा दाखला लागतो. त्यात महिने जातात. कोणी म्हणालं की आधी या, कागद मग करू, तर तिथंच फोन ठेवायचा. आठवड्याचे तास करारात लिहिलेले आहेत. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा, हेही तिनं लिहून घेतलं.

"पगार?"

"गोऱ्या माणसाला त्याच कामाचे जास्त देतात. मी विचारलं, त्यांनी लपवलं नाही. मला ते आवडलेलं नाही, पण मला माहीत आहे. मागच्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं."

"आणि हे सगळं ते म्हणतात ते खरं कशावरून?"

"शाळा सोडून गेलेल्या बाईला विचारलं. माझ्या जागी आधी फिलिपिन्सची एक जण होती. तिला शोधून काढलं. सध्या शाळेत आहेत ते चांगलंच बोलणार, त्यांना तिथं राहायचंय. जी सोडून गेली ती खरं बोलते. ती म्हणाली, मुख्याध्यापिका कडक आहे, जेवणाची सुटी लहान आहे, आणि पगार एकदाही चुकला नाही. मी तिला विचारलं, तू परत जाशील का? तर म्हणाली, आई आजारी नसती तर निघालेच नसते."

एसटीतल्या बाईंनी पाहिलेलं घर आणि वैशालीनं पाहिलेली शाळा यांत मला काही फरक दिसेना. मी तिला बाईंची गोष्ट सांगितली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "मग त्या बाईंनाच पाठवायचं होतं बाबांनी तेव्हा."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

फोन आला. पडद्यावर मुख्याध्यापिका दिसल्या, चष्मा लावलेल्या, मध्यम वयाच्या. वैशाली उठून खाली दुकानात गेली. त्यांच्या इंग्रजीला त्यांचा हेल होता, माझ्या इंग्रजीला माझा. दोघांनीही सावकाश बोलायचं ठरवलं आणि छान जमलं. मी आदल्या दिवशीचा बाजार सांगितला. चाचांची नात सांगितली, घरात तोंड न उघडणारी. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "पहिल्या नोकरीतून त्या काही महिन्यांत परतल्या. आपल्या मते कारण काय?"

खालचं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं.

मी म्हटलं, "नोकरी वाईट होती. ती पाहून येण्याचं काम तिच्या वडिलांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी गेलो, पाहुणचार घेतला आणि एकही प्रश्न न विचारता चांगली आहे म्हणून सांगितलं. ती परत आल्यावर लोकांनी मला विचारलं, तेव्हा मी दोष तिच्या इंग्रजीवर ढकलला. तिच्या इंग्रजीत दोष नव्हता."

बाईंनी लिहिणं थांबवलं. मला वाटलं, घालवली नोकरी. असला गुरू असलेल्या बाईला कोण ठेवून घेईल?

त्यांनी विचारलं, "हे त्यांच्या वडिलांना माहीत आहे का?"

"अजून नाही."

"आमच्याकडेही," त्या म्हणाल्या, "वडील शिक्षकाचं ऐकतात." आणि मग एकदम, उन्हाळ्यात अकोल्यात किती तापतं, वैशालीला दमट हवा सोसेल का, असं काहीबाही विचारून त्यांनी फोन संपवला. होकार नाही, नकार नाही.

मी खाली आलो. वैशालीनं काय बोललात ते विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि चाचांच्या नातीची वेणी घालू लागली. घातलेली वेणी तिनं सोडली आणि पुन्हा घातली. मी त्या रात्री लॉजवर राहिलो तो केवळ निकाल लागेल या आशेनं. लागला नाही. सकाळी निघालो.

मोर्शी

परत येताना अमरावतीला घरी जेमतेम एक दुपार थांबलो. दुसऱ्या दिवशी मोर्शीची गाडी धरली.

पुंडलिकराव बागेत होते. आंबिया बहाराची शेवटची तोडणी चालली होती. फांद्यांना बांबूचे टेकू लावलेले, खाली तणसाचा थर, त्यावर संत्र्यांचे ढीग. व्यापाऱ्याची माणसं क्रेट भरत होती, आणि पुंडलिकराव एका पोत्यावर बसून डागी फळं वेगळी काढत होते.

"या सर. झाला का फोन?"

"झाला. निकाल यायचाय."

"तुमी सांभाळून घेतलं असन."

मी त्यांच्याशेजारी बसलो आणि सांगितलं. गाडी, पोहे, शाल, न विचारलेले प्रश्न, पंगत. आधीच सांगितलं होतं असं मी पंगतीत म्हणालो, तेही खोटं, मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, हेही सांगितलं. ते फळं निवडत राहिले. एक इकडे, एक तिकडे. माझं बोलणं संपल्यावरही त्यांचे हात चालूच होते.

मग म्हणाले, "तुमी एकडाव बोलले सर. म्या रोज बोललो."

त्यांनी आणखी एक डागी फळ बाजूला टाकलं.

"भाजीत मीठ जास्त झालं तं म्या म्हनो, इंग्रजी तं जमलं नाही, सयपाक तरी नीट कर. पाहुने आले तं त्याहीच्या समोर म्हनो. ती सांगे, बाबा, नोकरी खोटी होती, पासपोर्ट घेतला होता मायावाला. म्या म्हनो, सर खोटं बोलतीन का?" त्यांनी एक फळ उचललं, पाहिलं आणि कुठल्याच ढिगात न टाकता हातात धरून ठेवलं. "लोकायले वाटते पोट्टी अकोल्याले नोकरीपायी गेली. माया तोंडापायी गेली ती."

"चूक माझी आहे पुंडलिकराव."

"तुमची हाये ते हाये. मायी मले ठेवा." ते उठले, टेकूवरून घसरलेली एक फांदी नीट केली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मोर्शीत कोनाले सांगतलं हे?"

"अजून कोणालाच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा."

"म्या आता गावभर सांगत फिरलो तं लोक म्हनतीन, बाप हाये, बोलनारच. तुमचं लोक मानतात. मागच्या डावालेही तेच झालं ना? तं तुमीच सांगा. तोंडी नोका सांगू, तोंडचं उडून जाते. लिवा. तिचं नाव घालून लिवा."

"लिहितो."

"आन मी काय बोलत होतो तेही लिवा."

आमच्याकडे संत्र्याच्या बागेतून पाहुणा रिकाम्या हातानं परतत नाही. नको म्हटलं तरी पिशवी भरून मिळते. त्या दिवशी मी रिकाम्या हातानं निघालो. पुंडलिकरावांना आठवण राहिली नसेल असं नाही. मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं, तर ते बांधावर उभे राहून फोन कानाला लावत होते. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही.

शाळेचा होकार पुढच्या आठवड्यात आला. परवाना आल्यावर वैशाली गेली. मला तिनं कळवलं नाही. चाचांना विचारायला मी पुन्हा अकोल्याला गेलो तेव्हा समजलं. त्यांच्या नातीशी ती दर रविवारी इंग्रजीत बोलते.

ज्यांनी त्या पंगतीत माझं ऐकलं, आणि त्यांच्याकडून ज्यांनी ऐकलं, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. मोर्शीच्या वैशाली पुंडलिकराव वानखडे हिचं इंग्रजी उत्तम आहे. ती माझ्या वर्गात होती तेव्हाही उत्तम होतं. ती परत आली कारण तिची नोकरी पाहायला मी गेलो होतो, आणि मी ती पाहिली नाही.